छोटा पीसी मधेच धपकन बंद पडतो? आधी भिंतीतलं सॉकेट बघा, पॉवर सप्लाय सगळ्यात शेवटी

घरगुती वापराचे छोटे, आवाज न करणारे पीसी मी जुळवून देतो. मिनी-आयटीएक्स बोर्ड, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटरचा चौकोन, त्यावर ६५ वॉटचा प्रोसेसर, एक एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी वेगवान चिप-डिस्क) आणि घरच्या फोटो-व्हिडिओंसाठी एक मोठी हार्ड डिस्क. टीव्हीखाली किंवा टेबलाच्या कोपऱ्यात मावेल एवढंच कॅबिनेट. या मशीनबद्दल सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: "चालता चालता एकदम बंद पडतो." दुकानात नेला की उत्तरही ठरलेलं असतं. एसएमपीएस (म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय) गेलाय, मोठा टाका. नवा एसएमपीएस बसतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच, कारण मूळ दोष पुष्कळदा कॅबिनेटच्या बाहेरच असतो.

खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि खर्चाच्या गोष्टी शेवटी ठेवतो. मधली पायरी गाळू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर पीसी बरा झाला तरी कशाने झाला ते कळणार नाही आणि महिन्याभराने पुन्हा इथूनच सुरुवात करावी लागेल.

लक्षणं: बंद पडतो ते नेमका कधी?

"कधीही बंद पडतो" असं सगळेच सांगतात, पण आठवडाभर वहीत वेळ आणि त्या वेळी काय चालू होतं एवढं लिहून ठेवलं की चित्र दिसायला लागतं.

फ्रिजचा कॉम्प्रेसर, पाण्याची मोटर किंवा मिक्सर सुरू होताना, किंवा लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येतानाच विझत असेल, तर दोष विजेच्या बाजूला आहे. व्हिडिओ रेंडर किंवा गेम सुरू करून दहा-पंधरा मिनिटांनी विझतो आणि लगेच चालू केला की आणखी लवकर विझतो, म्हणजे उष्णता. गेम उघडताक्षणीच जातो तेव्हा वीज कमी पडतेय किंवा प्रोसेसरची वायर अर्धवट बसली आहे. बटण दाबल्यावर पंखा एकदा फिरून थांबतो, तेव्हा कुठेतरी शॉर्ट आहे किंवा कनेक्टर सैल आहे. मोठ्या फाइल कॉपी करताना आधी अडकतो, डिस्क गायब होते, मग बंद: ही स्टोरेजची भानगड. काहीच न करता, नुसता डेस्कटॉप उघडा असतानाही जात असेल तर सैल प्लग, रॅम किंवा चक्क अडकलेलं पॉवर बटण. आणि निळा स्क्रीन येऊन, काहीतरी कोड दाखवून रीस्टार्ट होत असेल तर तो वेगळा आजार आहे. तिथे ड्रायव्हर आणि रॅमकडे बघायचं, विजेच्या मागे लागायचं नाही.

वहीला जोड म्हणून विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर, आयडी ४१ ही नोंद शोधा. ही नोंद दिसली की बरेच जण "पॉवरचा प्रॉब्लेम सापडला" म्हणून मोकळे होतात. ती एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. खरी माहिती तपशिलात असते: तिथे बगचेककोड (विंडोजने नोंदवलेल्या चुकीचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला चूक नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीजच तुटली किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. शून्य नसेल तर तो निळ्या स्क्रीनचाच प्रकार. लिनक्सवाल्यांनी आधीच्या बूटच्या लॉगचा शेवट बघावा. ओळी मधेच तुटल्या असतील तर अर्थ तोच.

१. भिंत, प्लग, एक्स्टेन्शन

पीसीची पॉवर केबल एक्स्टेन्शन बोर्डातून काढा आणि थेट भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा, शक्यतो दुसऱ्या खोलीतल्या. केबलही दुसरी वापरा. मॉनिटरची केबल बहुतेक वेळा तशीच असते. दोन-तीन दिवस असाच वापरा. पैसे शून्य.

हे एवढं महत्त्वाचं का? एसएमपीएसमध्ये वीज क्षणभर तुटली तर निभावून नेण्याची सोय असते, पण ती पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंदांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. सैल सॉकेटमध्ये पिन हलली, एखादं आवर्तन हुकलं, तर डोक्यावरचा पंखा फिरतच राहतो. आपल्या लक्षातही येत नाही, आणि पीसी मात्र गेलेला असतो. जुन्या सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या सैल झालेल्या असतात. प्लग आत जाताना घट्ट लागत नसेल, बोर्ड गरम लागत असेल, बटण दाबताना तडतड ऐकू येत असेल तर सॉकेट बदलून घ्या.

कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? एसएमपीएसच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे, अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर मेन्सच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. करंट अगदी कमी असतो म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. मुंग्या येतायत याचा अर्थ त्या सॉकेटला अर्थिंग पोचत नाही. ही गोष्ट "चालतंय की" म्हणून सोडायची नाही. यूएसबीला लावलेली उपकरणं विचित्र वागणं, स्पीकरमध्ये घूं आवाज येणं, हेही पुष्कळदा यातूनच येतं. अर्थिंग तपासणं हे वायरमनचं काम. तो फेज-अर्थिंगमध्ये २३० च्या जवळपास आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा आहे का ते बघेल. मल्टिमीटर घेऊन स्वतः सॉकेटमध्ये पिना खुपसू नका.

२. यूपीएस आणि इन्व्हर्टर

घरच्या अनेक इन्व्हर्टरना मागे एक स्विच असतो: यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. नॉर्मल मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो. पंखे-दिव्यांना फरक पडत नाही, पीसीला पडतो. तो स्विच यूपीएसवर करा. माझ्याकडे आलेल्या किती तरी "बिघडलेल्या" पीसींचा इलाज एवढाच होता.

छोटा ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर दोन गोष्टी बघा. एक, व्हीए म्हणजे वॉट नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच्या आसपासच देतो. दुसरं, स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना खरी साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्या-पायऱ्यांची देतात. अॅक्टिव्ह पीएफसी (मेन्समधून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेले चांगले एसएमपीएस कधी कधी त्या पायऱ्यांवर बिथरून बंद होतात. एसएमपीएस चांगला, यूपीएसही चालू, आणि दोघं एकत्र नांदत नाहीत. तपासायचं कसं? यूपीएस बाजूला काढून दोन दिवस थेट भिंतीवर चालवा. मग उलट करा: सगळं काम सेव्ह करून, यूपीएसचा मेन्स स्विच बंद करा आणि बघा पीसी टिकतो का. दोन-तीन वर्षं जुनी बॅटरी असेल तर आधी तिच्यावर संशय घ्या.

३. उष्णता, आणि शांततेचा अट्टहास

छोट्या पीसीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी सर्वात सोपी परीक्षा. कॅबिनेटचं झाकण काढा, मोकळ्या टेबलावर ठेवा, ज्या कामात बंद पडतो तेच काम करा. उघडा ठेवल्यावर टिकला तर दोष हवेच्या वाटेत आहे. टीव्हीच्या बंद कपाटात, पडद्याला चिकटवून किंवा भिंतीशी दोन बोटं अंतर ठेवून बसवलेला छोटा पीसी स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो. विदर्भात आणि खानदेशात मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या घरात असते. तिथे जानेवारीत बेतलेली पंख्याची सेटिंग चालणार नाही.

आता हार्डवेअर मॉनिटर दाखवणारा कुठलाही फुकट प्रोग्रॅम चालवून तापमान बघा. एक गोष्ट समजून घ्या: हल्लीचे प्रोसेसर गरम झाले की लगेच बंद पडत नाहीत, आधी वेग कमी करतात. इंटेलची मर्यादा बहुतेक ठिकाणी १००, एएमडीच्या राइझन ५ ५६००जी सारख्यांची ९५ अंश. म्हणजे प्रोसेसर नव्वदीत जाऊन पीसी नुसता मंद होत असेल तर तो स्वतःला सांभाळतोय. मंद न होता धपकन विझत असेल, तर एक तर कूलर प्रोसेसरला टेकलेलाच नाही, किंवा प्रोसेसर थंड आहे आणि तापतोय तो एसएमपीएस.

ही दुसरी शक्यता कुणीच तपासत नाही. छोट्या कॅबिनेटमधला एसएफएक्स एसएमपीएस (१२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरचा) पुष्कळदा शून्य-आरपीएम मोडचा असतो: भार कमी असेपर्यंत त्याचा पंखा फिरतच नाही. ऐकायला छान. पण त्याच्या पंख्याचं तोंड जाळीकडे न ठेवता आत ग्राफिक्स कार्डाकडे बसवलं, की तो इतरांची गरम हवा खातो आणि स्वतःचं संरक्षण लावून बंद होतो. पाच-दहा मिनिटं थांबल्यावर पुन्हा चालू होतो, ही त्याची खूण. तोंड जाळीकडे फिरवा. स्क्रू चारच असतात, आणि बहुतेक कॅबिनेटमध्ये दोन्ही बाजूंनी बसायची सोय असते.

धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या झोताने ते भन्नाट फिरू देऊ नका. पंखा उलटा बसलेला नाही ना हेही बघा: ज्या बाजूला मोटरला धरणारे आडवे दांडे दिसतात तिकडून हवा बाहेर पडते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) पंख्याची सेटिंग 'सायलेंट' असेल तर 'स्टँडर्ड' करून बघा. आवाज खटकत असेल तर पंखे बंद ठेवण्यापेक्षा प्रोसेसरलाच लगाम घाला. एएमडीच्या बऱ्याच बोर्डांवर इको मोड असतो, त्यात ६५ वॉटचा प्रोसेसर ४५ वॉटवर येतो. इंटेलचा आय५-१२४०० हा "६५ वॉटचा" म्हणून विकला जातो, पण टर्बोमध्ये ११७ वॉटपर्यंत जातो. बायोसमध्ये ती वरची मर्यादा खाली आणता येते. रोजच्या कामात फरक जाणवत नाही, पंखा मात्र गप्प बसतो. कॅबिनेटला आतून फोम चिकटवून आवाज मारायला जाऊ नका. त्याने हवाही मरते.

हे करूनही तापमान चालू केल्या केल्या नव्वदीला भिडत असेल तर कूलर काढून बघावा लागेल. तळाचं पारदर्शक प्लास्टिक तसंच राहिलेलं मी पाहिलंय, नव्या कोऱ्या मशीनमध्ये. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाटाण्याएवढी नवी लावा आणि स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा.

४. बटण, कनेक्टर, रॅम

भिंतीतलं बटण बंद, केबल काढलेली, त्यानंतर पीसीचं पॉवर बटण पाचेक सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मगच आत हात घाला.

सर्वात आधी समोरच्या पॅनेलच्या बारीक वायरींपैकी पॉवर स्विच आणि रीसेट स्विचच्या जोड्या बोर्डावरून काढा. पीसी चालू करायला त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की पुरतं. पिना बोर्डच्या पुस्तिकेत बघून ठरवा. असं का? पॉवर बटण चार सेकंद दाबलेलं राहिलं की पीसी सक्तीने बंद होतो. स्वस्त कॅबिनेटचं बटण घामाने, धुळीने आतच चिकटतं आणि पीसी "आपोआप" विझतो. रीसेटची वायर कुठे चेपली असेल तर कारण नसताना रीस्टार्ट. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिने मदरबोर्ड बदलायचे वाचतात.

मग २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरचा चार किंवा आठ पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा बसवा, टक असा आवाज येईपर्यंत. छोट्या कॅबिनेटमध्ये हा दुसरा कनेक्टर कूलरच्या मागे कोपऱ्यात असतो, बोटं पोचत नाहीत, आणि नेमका तोच अर्धवट राहतो. रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी कडा खोडरबरने हलकेच पुसून भुगा झटका, पुन्हा बसवा. कोकण किनारपट्टीवर आणि गोव्यात पावसाळ्यानंतर एवढ्यानेच बरेच पीसी सुधारतात. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून चालवा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करा. शेवटी मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावून ठेवा. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी बाद.

एक सावधगिरी: बंद पडणाऱ्या पीसीवर बायोस अपडेट करू नका. अपडेट चालू असताना वीज तुटली तर दुरुस्त होण्यासारखा पीसी उघडतच नाही असा होऊन बसतो.

५. स्टोरेज

काहीही हलवण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची नक्कल बाहेर काढून ठेवा. पीसी असा धपाधप बंद पडतोय म्हणजे डिस्कवर प्रत्येक वेळी घाव बसतोय.

साडेतीन इंची हार्ड डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते, म्हणजे काही सेकंद चोवीसेक वॉट. नंतर ती सात-आठ वॉटवर येते. पिको पीएसयू (बोर्डाच्या कनेक्टरवरच बसणारा इवलासा पॉवर सप्लाय) आणि छोट्या अॅडॉप्टरवर दोन डिस्क लावल्या असतील तर सुरू होतानाच धाप लागते. एक डिस्क काढून बघा.

क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सी७ म्हणजे सीआरसी एररचा (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर डिस्क नव्हे, साटा केबल (डिस्कची डेटा केबल) बदला. शंभर-दीडशे रुपयांचं काम. ०५ किंवा सी५ (डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे) वाढत असेल तर डिस्कच निरोप घेतेय. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा करणारे, प्लास्टिक ओतून बंद केलेले स्वस्त जोड असतील तर आजच काढून टाका. ते आतून शॉर्ट होऊन वितळतात, प्रसंगी पेटतात.

एनव्हीएमईबद्दल एवढंच: आयटीएक्स बोर्डाचा दुसरा स्लॉट बहुधा पाठीमागे असतो, तिथे वारा लागत नाही. ऐंशी अंशांकडे जाणारी एसएसडी कॉपी करताना रेंगाळते आणि कधी कधी गायबच होते. दोन-तीनशे रुपयांचा अॅल्युमिनियम हीटसिंक लावा किंवा ती पुढच्या स्लॉटमध्ये हलवा.

६. आता एसएमपीएस

आधी बेरीज. ५६००जीसारखा प्रोसेसर फार तर ८८ वॉट, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून चाळीस-पन्नास. ग्राफिक्स कार्ड नसेल तर सगळं दीडशेच्या आत. आरटीएक्स ३०६०सारखं १७० वॉटचं कार्ड घातलं तरी ३१० च्या आसपास. चांगल्या प्रतीचा ४५० वॉटचा एसएमपीएस याला पुरून उरतो, आणि पूर्ण जोरातही सत्तर टक्क्यांच्या आतच चालत असल्याने गप्पही राहतो. ७५० चा सल्ला मिळाला तर कशासाठी ते विचारा. उलट, नुसता "५०० वॉट" असा स्टिकर लावलेल्या हलक्या एसएमपीएसवर विश्वास ठेवू नका. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा, त्याला १२ ने गुणा. खरा आकडा तो. बारा व्होल्टचा रेल (त्या दाबाची वायर) ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवा. बोर्डाचा सेन्सर थोडा इकडे-तिकडे दाखवतो, म्हणून त्यावरून निकाल देऊ नका, नुसता संशय घ्या.

फुकटची परीक्षा: प्रोसेसरचा इको मोड लावा, ग्राफिक्स कार्डाची पॉवर मर्यादा सत्तर टक्क्यांवर आणा. बंद पडणं थांबलं, आणि तिसऱ्या पायरीत उष्णता निर्दोष ठरली असेल, तर बोट एसएमपीएसकडे जातं. मग ओळखीच्याकडून एखादा चालू एसएमपीएस उसना घ्या. मोठा एटीएक्स (नेहमीच्या मोठ्या कॅबिनेटच्या मापाचा) असला तरी चालेल, कॅबिनेटबाहेर टेबलावर ठेवून जोडा. दोन दिवस टिकला तरच नवा विकत घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत फेरी मारायची वेळ आत्ता आली.

मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबल तशाच ठेवून नवा डबा जोडायचा मोह होतो, विशेषतः छोट्या कॅबिनेटमध्ये, जिथे केबल एकदा बसवायलाच जीव जातो. करू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी असते. प्लग बसतो, आणि डिस्कच्या पाच व्होल्टवर बारा जातात.

इथे हात थांबवा

जळका वास, ठिणगी, काळवंडलेलं सॉकेट, पीसी लावताच पडणारा एमसीबी किंवा मुंग्यांच्या पलीकडचा खरा झटका: मेन बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. पीसी त्यानंतर.

एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट असतात, आणि केबल काढल्यावरही काही काळ राहतात. पंखा साफ करायचा असेल तरी बाहेरूनच.

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज यायला लागला आणि त्यावरच्या फाइलींची दुसरी प्रत नसेल, तर ती पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले, प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या, किंवा वरच्या सहाही पायऱ्या होऊन पीसी तसाच, म्हणजे मदरबोर्डावर संशय: वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटर, नसेल तर चिप-लेव्हलचं काम करणारा माणूस.

नेताना वही सोबत न्या आणि काय काय बदलून बघितलं ते सांगा. "फॉरमॅट मारून बघू" हे पहिलंच उत्तर आलं तर बगचेककोड शून्य आहे हे दाखवा, आणि त्यांच्याकडच्या एसएमपीएसवर आणि रॅमवर तुमच्यासमोर चालवून बघायला सांगा. फोटोंची मोठी हार्ड डिस्क मात्र काढून घरी ठेवा. तपासणीला विंडोज असलेली एसएसडी पुरते.